नटांची गावे आणि आपली मराठी

मराठी संगीत नाटक आणि चित्रपट यांचा इतिहास सांगताना पुणे, मुंबई व कोल्हापूर ही नावे ओघाने येतात, आणि ती यायलाच हवीत. परंतु हा इतिहास घडवणाऱ्या नटांची व गायकांची जन्मगावे आम्ही नकाशावर शोधू लागतो, तेव्हा बोट वारंवार आजच्या महाराष्ट्राच्या सीमेबाहेर जाते. सीमाभागातील आम्हा मराठी भाषकांना ‘तुमचा मराठीशी संबंध काय?’ असा प्रश्न अनेकदा ऐकावा लागतो. म्हणून ही गावे एकदा क्रमाने सांगणे आवश्यक वाटते.

प्रारंभ अण्णासाहेब किर्लोस्करांपासून करू. त्यांचा जन्म १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या ‘संगीत शाकुंतल’ नाटकाचा प्रयोग झाला आणि मराठी संगीत रंगभूमीचे नवे पर्व सुरू झाले. १८८२ साली ‘सौभद्र’ रंगमंचावर आले. १८८५ साली अण्णासाहेबांचे देहावसान झाले, तेही गुर्लहोसूर येथेच. त्यांच्या नाटकांतील स्त्रीभूमिकांना ज्याने गळा दिला, तो भाऊराव कोल्हटकर हा तरुण बडोद्याचा. म्हणजे बेळगावकडचा नाटककार, बडोद्याचा गायक नट आणि पुण्याचा रंगमंच, अशा संयोगातून हा वैभवकाळ उभा राहिला.

पुढचे गाव चिकोडी. विष्णुपंत पागनीस यांचा जन्म तेथे १८९२ साली झाला. नाटक मंडळ्यांतून स्त्रीभूमिका करणाऱ्या या नटाला दामले व फत्तेलाल यांनी प्रभातच्या ‘संत तुकाराम’ या १९३६ सालच्या चित्रपटात तुकोबांची भूमिका दिली. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. देहूच्या तुकोबांचे रूप पडद्यावर साकारणारा हा माणूस आज कर्नाटकात असलेल्या गावी जन्मला होता, हे चिकोडीच्या किती मुलांना ठाऊक असेल?

गोव्यातील मंगेशी हे मास्टर दीनानाथांचे गाव. १९०० साली जन्मलेल्या दीनानाथांनी १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. त्यांची थोरली कन्या लता १९२९ साली इंदूरला जन्मली. वडिलांचे गाव पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात आणि लेकीचे जन्मस्थान होळकरांच्या राजधानीत, तरीही त्या घराची भाषा व त्याची रंगभूमी मराठीच होती.

हे कसे घडले? त्याचे उत्तर नाटक मंडळ्यांच्या व्यवहारात आहे. मंडळी म्हणजे फिरते बिऱ्हाड. नट, गवई, साजिंदे, रंगवलेले पडदे आणि स्वयंपाकाची भांडी घेऊन ते एका गावाहून दुसऱ्या गावी मुक्काम हलवी. मुक्काम टिकत असे तो तिकिटाच्या पैशावर. जेथे मराठी समजणारा व पदांना दाद देणारा प्रेक्षक नसेल, तेथे मंडळीला उपाशी राहावे लागे. तेव्हा एखाद्या नगरात मराठी नाटकाचा मुक्काम रंगणे हाच तेथील मराठी समाजाच्या अस्तित्वाचा पुरावा होय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली व बेळगाव जिल्ह्याचा बहुतेक भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. ही रेषा या कलावंतांच्या हयातीनंतरची आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. अण्णासाहेबांनी आपल्या पदांसाठी कर्नाटकी चालीही मोकळेपणाने घेतल्या. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेल्या शिवपुत्र कोमकाळीमठ यांची घरची भाषा कन्नड होती. पुढे कुमार गंधर्व या नावाने ते देवासला स्थायिक झाले आणि बालगंधर्वांच्या गायकीचा त्यांनी घेतलेला शोध मराठी रसिकांनी डोक्यावर घेतला. म्हणून आमचे भांडण कन्नड भाषेशी नाही, कधी नव्हते. आमच्या गावांच्या इतिहासातून मराठीचे पान फाडले जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मात्र ते पान इतरांनीच फाडले, असेही आम्ही म्हणणार नाही. आपल्याच गावच्या नटाचे नाव आपल्या मुलांना आपण सांगत नाही, हा दोष आपला. आपल्या घरातील वृद्धांनी कोणती नाटके कोठे पाहिली, कोणती पदे त्यांना पाठ होती, हे त्यांच्या हयातीतच लिहून ठेवू या. जुने हस्तपत्रक वा छायाचित्र सापडल्यास ते रद्दीत घालू नये. आणि गावात मराठी नाटक आले, तर तिकीट काढून सहकुटुंब जावे. गुर्लहोसूर, चिकोडी, मंगेशी, बडोदे आणि इंदूर यांचा वारसा आजवर टिकला तो तिकीट काढणाऱ्या अशा प्रेक्षकांमुळेच.