‘माजलेली’ राणी

‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’चा पहिला सीझन मी २०२२ मध्ये मोबाईलवर बघितला. हॉस्टेलची खोली, रात्रीचे दोन, एक इअरफोन माझ्या कानात आणि दुसरा रूममेटच्या. सीझन संपला तेव्हा रूममेट म्हणाली, “गादी हिचीच होती गं. पण ही जरा माजलेलीच होती.” मीही मान डोलावली.

नंतर जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं ‘फायर अँड ब्लड’ वाचलं. मग त्या गोष्टीमागचा खरा इतिहास वाचला. तेव्हा लक्षात आलं की आम्ही दोघींनी त्या रात्री जो शेरा मारला, तो जवळपास नऊशे वर्षं जुना आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (पुढे स्पॉयलर आहेत, सांभाळून.) राजा व्हिसेरिसला मुलगा नाही. तो मुलगी रेनीराला वारस नेमतो आणि सगळ्या सरदारांकडून तशी शपथ घेतो. पुढे दुसऱ्या बायकोपासून, अ‍ॅलिसेंटपासून, त्याला मुलगे होतात. राजा शेवटपर्यंत शब्द बदलत नाही. पण तो मरतो तेव्हा रेनीरा लांब ड्रॅगनस्टोनला असते, गरोदर. राजधानीत राणीच्या माणसांनी राजाच्या मृत्यूची बातमी दाबून ठेवलेली असते. रेनीराला खबर पोचेपर्यंत सावत्र भाऊ एगॉनच्या डोक्यावर मुकुट चढतो. मग युद्ध, आणि त्यात घराण्याची, ड्रॅगनांची राखरांगोळी.

या कथेची बीजं इंग्लंडच्या बाराव्या शतकातल्या यादवीत आहेत, हे मार्टिन यांनी स्वतः सांगितलेलं आहे. इतिहासकार त्या काळाला ‘द अनार्की’ म्हणतात. ड्रॅगन वगळले तर मूळ गोष्ट कल्पितापेक्षा काही कमी नाही.

एक जहाज बुडालं

२५ नोव्हेंबर ११२०. नॉर्मंडीच्या बारफ्लूर बंदरातून ‘व्हाइट शिप’ नावाचं जहाज रात्री इंग्लंडकडे निघालं. प्यायलेले खलाशी, प्यायलेले सरदारपुत्र. किनाऱ्यापासून फार दूर जायच्या आतच जहाज खडकावर आपटलं. सुमारे तीनशे माणसं बुडाली. त्यांत राजा पहिल्या हेन्रीचा एकुलता एक औरस मुलगा विल्यम होता. राजाचा भाचा, ब्लोआचा स्टीफन, जहाज सुटायच्या आधी उतरला म्हणून वाचला. हे नाव लक्षात ठेवा.

हेन्रीला अनौरस मुलं वीसच्या वर होती. औरस अपत्य मात्र आता एकच उरलं : मुलगी मटिल्डा. लहानपणीच जर्मन सम्राटाशी लग्न ठरून ती तिकडे गेली होती. ११२५ मध्ये विधवा झाली तेव्हा वय जेमतेम तेवीस. बापाने तिला परत बोलावलं आणि ११२७ च्या सुरुवातीला सगळ्या सरदारांकडून, बिशपांकडून शपथ घेतली : राजाला मुलगा झाला नाही, तर हीच आमची धनीण. आधी शपथ कोणी घ्यायची यावरून राजाचा अनौरस मुलगा रॉबर्ट आणि भाचा स्टीफन यांच्यात चढाओढ लागली. आधी शपथ घेणं म्हणजे मोठा मान!

पुढच्या वर्षी राजाने तिचं लग्न आंजूच्या जेफ्रीशी लावून दिलं. ती सव्वीस वर्षांची, नवरा चौदा-पंधरा वर्षांचा. तिला विचारतो कोण?

आधी खजिना

१ डिसेंबर ११३५ ला हेन्री नॉर्मंडीत वारला. मटिल्डा तेव्हा गरोदर होती, नवऱ्याच्या मुलखात. (हा प्रसंग मार्टिन यांनी जवळजवळ जसाच्या तसा उचलला आहे.) स्टीफनने मात्र वेळ दवडला नाही. समुद्र ओलांडून तो थेट लंडनला गेला. तिथून विंचेस्टरला, कारण राजाचा खजिना तिथे होता आणि तिथला बिशप त्याचा सख्खा भाऊ. महिना संपायच्या आत तो राजा झाला होता.

आणि शपथेचं काय? ह्यू बिगॉड नावाच्या सरदाराने शपथेवर सांगितलं की राजाने मरताना विचार बदलला होता. म्हणजे एक शपथ मोडायला दुसरी शपथ. मालिकेत मरणासन्न व्हिसेरिसच्या पुटपुटण्याचा अ‍ॅलिसेंट भलताच अर्थ लावते, तो प्रसंग आठवून बघा.

एक मात्र खरं, स्टीफनने ही युक्ती शोधून काढली नव्हती. २ ऑगस्ट ११०० ला राजा विल्यम रूफस शिकारीत बाण लागून मेला. त्याचा धाकटा भाऊ हेन्री, म्हणजे मटिल्डाचा बाप, तडक विंचेस्टरला गेला, खजिना ताब्यात घेतला आणि ५ ऑगस्टला राज्याभिषेक करून मोकळा झाला. थोरला भाऊ तेव्हा धर्मयुद्धावरून घरी परतत होता. वारसा कोणाकडे जायचा याचा पक्का नियमच नव्हता. शपथ, रक्त, चर्चचा आशीर्वाद हे सगळं लागायचं. पण त्याहून जास्त लागायचा चपळ घोडा आणि खजिन्याची किल्ली.

जूनमधले ते दिवस

मटिल्डा ११३९ मध्ये सावत्र भाऊ रॉबर्टला घेऊन इंग्लंडला उतरली. २ फेब्रुवारी ११४१ ला लिंकनच्या लढाईत स्टीफन चक्क कैद झाला. आता वाट मोकळी होती. तिला ‘लेडी ऑफ द इंग्लिश’ म्हणून मान्यता मिळाली आणि अभिषेकासाठी ती लंडनला आली.

तिथे तिने लंडनकरांकडे पैसे मागितले. युद्धाने ते आधीच पिचलेले होते, शिवाय स्टीफनच्या बाजूचे. त्यांनी सूट मागितली, तिने झिडकारली. जूनच्या शेवटी शहरातल्या घंटा वाजल्या, जमाव हत्यारं घेऊन बाहेर पडला आणि मटिल्डाला पळ काढावा लागला. अभिषेक राहिला तो कायमचाच. पुस्तकातली रेनीरा राजधानी जिंकते, तिचा खजिनदार कर लादतो, लोक उठतात आणि ती पळते, ते इथूनच आलेलं आहे.

पुढे रॉबर्ट पकडला गेला, त्याच्या बदल्यात स्टीफनला सोडावं लागलं. ११४२ च्या हिवाळ्यात वेढ्यात सापडलेल्या ऑक्सफर्डच्या किल्ल्यातून मटिल्डा मोजके साथीदार घेऊन, बर्फात दिसू नये म्हणून पांढरे कपडे घालून, गोठलेली नदी ओलांडून निसटली. ११४८ मध्ये ती नॉर्मंडीला परतली, ती पुन्हा इंग्लंडच्या गादीसाठी आली नाही.

लिहिणारे कोण?

तिचं का हुकलं? इतिहासाच्या पुस्तकांत अनेक वर्षं एकच उत्तर मिळायचं : ती उद्धट होती. हे येतं मुख्यतः ‘गेस्टा स्टेफानी’ या बखरीतून. नावाचा अर्थच ‘स्टीफनचे पराक्रम’. लेखक अज्ञात. त्यात तक्रार अशी की स्कॉटलंडचा राजा, विंचेस्टरचा बिशप आणि भाऊ रॉबर्ट तिच्यापुढे गुडघे टेकून आले, तरी ती आसनावरून उठली नाही.

मी हे वाचलं आणि थांबले. राजापुढे कोणी गुडघे टेकले तर राजा उठतो का? तिचा बाप कठोर होता, कर वसूल करायचा, आणि बखरकार त्याच्या करड्या शिस्तीचं कौतुक करतात. स्टीफनने ११३९ मध्ये दरबारात बोलावून बिशपांना अटक केली. त्याच्यावर टीका झाली, पण ‘माजला’ ही त्याची ओळख झाली नाही.

आणखी एक. लंडनजवळ फौज आणून मटिल्डाविरुद्ध वातावरण तापवलं ते स्टीफनच्या बायकोने. तिचंही नाव मटिल्डाच. हीच बखर तिच्या पुरुषी धैर्याची वाहवा करते. ती लढत होती नवऱ्यासाठी, मुलासाठी. सम्राज्ञी मटिल्डा स्वतःसाठी मागत होती. फरक एवढाच.

तिची बाजू घेणारा बखरकारही होता, माम्सबरीचा विल्यम. पण त्याचा आश्रयदाता रॉबर्ट. म्हणून त्याच्या गोष्टीचा नायकही रॉबर्टच.

मार्टिन यांनी हे बरोबर हेरलं आहे. ‘फायर अँड ब्लड’ ही कादंबरी नाही, बखर आहे. तिचा काल्पनिक लेखक तीन साक्षीदारांवर विसंबतो : हिरव्या पक्षाकडे झुकलेला धर्मगुरू, नंतर लिहिणारा विद्वान आणि रेनीराच्या दरबारातला चावट विदूषक मशरूम. तिघांचं कुठेच पटत नाही. रेनीरा स्वतः मात्र एक ओळही लिहून ठेवत नाही.

शेवट दोन्हीकडे सारखाच. रेनीरा मरते, पण पुढे गादीवर तिचाच मुलगा बसतो. इकडे ११५३ च्या तहात स्टीफनने मटिल्डाच्या मुलाला वारस मानलं आणि ११५४ मध्ये तो दुसरा हेन्री म्हणून राजा झाला. त्याला ‘सम्राज्ञीपुत्र हेन्री’ म्हणत. बापाचं नाही, आईचं नाव. मटिल्डा ११६७ मध्ये रुआँला वारली. तिच्या कबरीवरच्या लेखात तिचं मोठेपण जन्म, लग्न आणि अपत्य या तीन मापांत मोजलं आहे. मुलीचा हक्क त्यांना मान्य होता, तो तिच्यातून पुढच्या पुरुषाकडे वाहून जाणार असेल तर.

आमचा सातबारा

हे सगळं वाचताना मला सारखी धाकटी आत्या आठवत होती. आजोबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची वेळ आली. थोरल्या आत्याने मुकाट्याने हक्कसोडपत्रावर सही केली. धाकटी म्हणाली, मला माझा हिस्सा हवा. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः समान हक्क देणारी २००५ ची कायदादुरुस्ती तोवर होऊन गेली होती, म्हणजे ती वावगं काही मागत नव्हती. तरी त्या दिवसापासून आमच्या घरात ती ‘माजलेली’ झाली. हिस्सा तिन्ही काकांनीही घेतला. त्यांना कोणी काही म्हणालं नाही.

मी तेव्हा बारावीत होते. मैत्रिणींना आत्याबद्दल सांगताना मीही तोच शब्द वापरलाय, हसत हसत.

आता जाणवतं ते असं : त्या दिवशी ओसरीवर आत्या नेमकं काय म्हणाली, कोणत्या आवाजात म्हणाली, हे मला ठाऊकच नाही. मी तिथे नव्हते. मला जे माहीत आहे ते काकांनी सांगितलेलं. आमच्या घरची ‘गेस्टा स्टेफानी’.

आत्याचा नंबर फोनमध्ये आहे. या दिवाळीला तिच्याकडे जाणार आहे. तिची बाजू तिच्याच तोंडून ऐकायची राहिली आहे.