‘मजकूर’ आणि चारशे घरांची यादी

‘मजकूर’ हा शब्द आज आपण लेखातील आशय किंवा छापलेली अक्षरे या अर्थाने वापरतो. जुन्या दप्तरात मात्र त्याचा अर्थ ‘वर ज्याचा उल्लेख झाला तो’ असा होता. परगणे मजकूर म्हणजे वर नाव आले तोच परगणा, साल मजकूर म्हणजे वर लिहिलेलेच साल. ‘सदरहू’ हा त्याचा भाऊबंद. कागद महाग, बोरू झिजणारा आणि हात दुखणारा. अशा कारकुनाला या दोन शब्दांनी किती श्रम वाचविले असतील याची कल्पना करता येते. परंतु ही काटकसर एका अटीवर चालते. वाचणाऱ्याने यादी वरून खाली, लिहिली त्याच क्रमाने, वाचली पाहिजे. क्रम मोडला की ‘मजकूर’ अनाथ होतो.

या अटीचे महत्त्व मला तंजावरच्या एका शिलालेखाने आणि एक्सेलमधील काही ओळींच्या मॅक्रोने एकाच वेळी शिकविले. घरापासून दूर राहणाऱ्या मराठी वाचकाला तंजावर म्हटले की व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतात, आणि ते योग्यच आहे. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास पाहायला आपली माणसे आवर्जून जातात. पण तो लेख म्हणजे सलग बखर आहे. प्रशासनाच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडेल असा लेख त्याच देवळाच्या भिंतींवर, त्याहून सुमारे आठशे वर्षे आधी कोरलेला आहे, आणि तो आहे निव्वळ यादी.

राजराज चोळ याच्या राजवटीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ. स. १०१४ च्या सुमारास, देवळाच्या सेवेसाठी ४०० स्त्रिया निरनिराळ्या गावांच्या देवळांतून आणून तंजावरात वसविल्या गेल्या. तिरुवैयारू, तिरुवारूर, पळैयारू ही त्यांपैकी काही गावे. प्रत्येकीला एक घर आणि एक वाटा मिळाला. वाटा म्हणजे एक वेली जमिनीचे उत्पन्न, वर्षाला १०० कलम भात; माप कोणते वापरायचे तेही लेखात सांगितले आहे. चारशे वाटे म्हणजे ४०,००० कलम भात केवळ या एका शीर्षाखाली. नृत्यशिक्षक, गायक, वादक, हिशेबनीस यांचे वाटे पुढे वेगळे येतात. हुल्ट्श या जर्मन पंडिताने ‘साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स’च्या दुसऱ्या खंडात हा लेख ६६ व्या क्रमांकाने छापला आहे.

या यादीची रचना पाहण्यासारखी आहे. आधी रस्ता, मग रस्त्याची बाजू, मग घर. बाजूला तमिळमध्ये ‘शिरगु’, म्हणजे पंख, म्हटले आहे: दक्षिण पंख, उत्तर पंख. पहिल्या घराला ‘पहिले’ असे न म्हणता ‘तलैवीडु’, म्हणजे मस्तकाचे घर, म्हटले आहे आणि पुढे दुसरे, तिसरे अशी मोजणी चालते. त्यानंतर ती स्त्री ज्या देवळातून आली त्याचे नाव, मग तिचे स्वतःचे नाव, आणि शेवटी ‘पंगु ओन्रुम्’, म्हणजे ‘एक वाटा’. (‘पंगु’ या शब्दाने मराठी वाचकाने दचकू नये; तमिळमध्ये त्याचा अर्थ वाटा, हिस्सा एवढाच.) प्रत्येक स्त्रीच्या नावाआधी ‘नक्कन्’ हा शब्द आहे. दक्षिण रस्त्याच्या दक्षिण पंखातील मस्तकाच्या घरात तिरुवैयारूच्या लोकमहादेवी-ईश्वर मंदिराची नक्कन् शेरमंगै राहत होती, एक वाटा. आणि तिच्या शेजारचे घर? तेथे देवळाचे नाव पुन्हा कोरलेले नाही. ‘इत्तळि’, म्हणजे ‘हेच देऊळ’, एवढेच आहे. आपला ‘मजकूर’ तो हाच. दगडावर छिन्नीने लिहिणाऱ्याला तर काटकसरीची निकड कारकुनापेक्षा कितीतरी जास्त.

आता मॅक्रोकडे येतो. ज्यांनी कार्यालयात एक्सेल वापरले आहे त्यांना व्हीबीए, म्हणजे ‘व्हिज्युअल बेसिक फॉर अ‍ॅप्लिकेशन्स’, ही भाषा निदान नावाने ठाऊक असते. १९९३ साली ती एक्सेलमध्ये आली. या भाषेत अ‍ॅरे म्हणजे एका नावाखाली ओळीने मांडलेले खण. प्रत्येक खणाला क्रमांक आणि क्रमांक सांगितला की आतली वस्तू हाती. तंजावरचा रस्ता याहून काही वेगळा नव्हता. पूर्वी लांबलचक मजकुराचे खण पाडायचे तर एकेक अक्षर शोधत जाणारे आवर्तन स्वतः लिहावे लागे. ऑफिस २००० बरोबर तीन तयार फंक्शन्स आली आणि हे काम सोपे झाले. स्प्लिट मजकूर तोडून त्याचा अ‍ॅरे करते, जॉइन अ‍ॅरे जोडून पुन्हा मजकूर करते आणि फिल्टर अ‍ॅरेमधून ठराविक शब्द असलेले खण तेवढे निवडून देते.

तंजावरच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला हा लेख देवनागरीत, एकसारख्या वर्णलेखनाने, उतरवून दिला. ते तंजावरी मराठी बोलतात, तमिळ वाचतात, आणि संगणकाला हात लावीत नाहीत. स्त्रियांच्या नोंदींचा भाग मी वेगळा काढला. चोळांच्या लेखात विरामचिन्हे नसतात, तेव्हा तोडायचे कोठे? उत्तर लेखातच होते. ‘पंगु ओन्रुम्’ हे प्रत्येक नोंदीच्या अंती येते, तेच विभाजक. व्हीबीएच्या संपादकात देवनागरी अक्षरे थेट लिहिता येत नाहीत, तेथे प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. म्हणून विभाजक पत्रकाच्या एका चौकटीत लिहून ठेवला आणि मॅक्रोला तो तेथून उचलायला सांगितला. एका आज्ञेत रस्ता घरांमध्ये मोकळा झाला.

येथे मोजणीचा एक तिढा आहे. स्प्लिटने केलेल्या अ‍ॅरेचा पहिला खण नेहमी शून्य क्रमांकाचा असतो. पत्रकातील चौकटींचा पट्टा जर अ‍ॅरेमध्ये उचलला तर त्याची मोजणी एकपासून सुरू होते, आणि तो एक रांग असला तरी दुहेरी अ‍ॅरे असतो. यामुळे खालची मर्यादा एलबाउंडला आणि वरची यूबाउंडला विचारून मगच आवर्तन चालवावे, स्वतः आकडा गृहीत धरू नये, हा नियम पाळावा लागतो. आमच्या अ‍ॅरेचे यूबाउंड ४०० आले. शून्यापासून ३९९ पर्यंत चारशे स्त्रिया, आणि शेवटच्या ‘पंगु ओन्रुम्’च्या मागे काहीच नसल्यामुळे चारशेवा खण रिकामा. चोळांच्या लेखकाने पहिल्या घराला क्रमांक न देता ‘मस्तक’ म्हटले आणि हा सगळा वाद एका शब्दात टाळला, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

पुढे मी फिल्टरला तिरुवैयारूच्या त्या देवळाचे नाव दिले. एकाच देवळातून आलेल्या स्त्रिया शेजारी शेजारी राहत असतील तर त्यांपैकी फक्त पहिलीच्या नोंदीत नाव असते. बाकीच्यांच्या खणात ‘इत्तळि’. फिल्टरने नाव असलेले खण दिले आणि इतर जणी गाळल्या. आज्ञा बिनचूक, यादी बिनचूक, उत्तर मात्र अपुरे. यंत्राने त्याबद्दल कोणतीही सूचना दिली नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक कोठेच नव्हती.

हे पाहताना मला महाराष्ट्रातील एका कार्यालयात पूर्वी पाहिलेली निराधारांच्या अनुदानाची यादी आठवली. तेथील टंकलेखकाने गावाच्या रकान्यात पहिल्या ओळीला गावाचे नाव आणि खाली ‘वरीलप्रमाणे’ असे लिहिले होते. छापून भिंतीवर लावायला यादी उत्तम होती. नंतर कोणीतरी ती नावांच्या अकारविल्हे लावली. ‘वरीलप्रमाणे’ जागचे हलले, आणि ज्या गावाशी संबंध नाही त्या गावाच्या खाली जाऊन बसले. गाववार याद्या निघाल्या तेव्हा एका वृद्ध बाईंचे नाव त्यांच्या गावाच्या यादीत नव्हते. त्या तीन वेळा येऊन गेल्या. प्रत्येक वेळी संगणक पाहून त्यांना सांगण्यात आले की आपले नाव या गावाला नाही. संगणकाच्या पडद्यावर ते खरोखरच नव्हते. बाईंपाशी पुरावा म्हणून होती ती जुनी छापील यादी, घडी पडून फाटत आलेली. तीवरूनच शेवटी उलगडा झाला.

उपाय साधा आहे, पण तो क्रम मोडण्यापूर्वी करावा लागतो. तंजावरच्या यादीत आम्ही तो असा केला. प्रत्येक खण पुन्हा स्प्लिटने तोडला. या वेळी विभाजक ‘नक्कन्’. डावीकडे घर आणि देऊळ, उजवीकडे स्त्रीचे नाव आणि त्याला चिकटलेला ‘ला’ या अर्थाचा प्रत्यय. आवर्तन पहिल्या खणापासून चालवायचे, डाव्या भागात देवळाचे नाव असेल तर ते लक्षात ठेवायचे, ‘इत्तळि’ असेल तर लक्षात ठेवलेले नाव तेथे भरायचे. रस्ता आणि पंख यांचेही तसेच, कारण ते बाजू बदलली की एकदाच सांगितलेले असतात. शेवटी जॉइनने सगळे भाग जोडले. आता प्रत्येक खण स्वतःच्या पायांवर उभा होता. उलटा लावा, सुलटा लावा, गाळा, कोणीही हरवत नव्हते. तेच फिल्टर पुन्हा चालविले तेव्हा त्या देवळाच्या राहिलेल्या स्त्रिया आपापल्या घरांतून बाहेर आल्या.

फिल्टरची आणखी एक खोड सांगितली पाहिजे. ते शब्दाचा तुकडा शोधते, पूर्ण शब्द नव्हे. एकाच गावात दोन देवळे असतील आणि आपण फक्त गावाचे नाव दिले तर दोन्हींच्या स्त्रिया एकत्र येतील. पुणे जिल्ह्यात काम केलेल्यांना हे लगेच पटेल: ‘निमगाव’ शोधले की ‘निमगाव केतकी’ही हजर होते. नवीन एक्सेलमध्ये फिल्टर या नावाचे पत्रकातील सूत्रही आहे. ते दिलेल्या अटीवर चालते आणि तेथे पूर्ण नावाची बरोबरी मागता येते. नाव एक, स्वभाव दोन. हे नवशिक्यांना आधीच सांगितलेले बरे.

चारशे स्त्रियांमध्ये तीच तीच नावे पुन्हा येतात. त्यामुळे नावावरून कोणाचीच ओळख पटत नाही. पटते ती रस्ता, पंख आणि घर यांवरून. राजराजाच्या अधिकाऱ्यांना हे ठाऊक होते असे लेखातील पुढच्या नियमावरून दिसते. वाटेकऱ्यांपैकी कोणी मेले किंवा परदेशी गेले तर जवळच्या नातलगाने तो वाटा घ्यावा आणि काम करावे. नातलग स्वतः लायक नसेल तर त्याने लायक व्यक्ती निवडावी. नातलगच नसेल तर त्याच कामावरील इतरांनी निवड करावी. म्हणजे खण कायम, आतले माणूस बदलणार. खणाचा क्रमांक हीच सरकारच्या दृष्टीने ओळख. या स्त्रियांना त्यांच्या गावांतून आणताना विचारले होते की नाही, हे लेख सांगत नाही. अशा याद्या ते कधीच सांगत नाहीत.

तंजावरच्या मराठी मोडी कागदांवर हेच तंत्र चालेल का, असे मला त्या शिक्षकांनी विचारले. चालेल, पण वाट बिकट आहे. मोडी लेखक आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतो आणि मग तिला अक्षरे टांगतो; दोन शब्दांमध्ये फट नाही, विरामचिन्ह नाही. विभाजक म्हणून हाती लागतात ते ‘पैकी’, ‘बितपशील’ असे शब्द, आणि कागदावरील जागा. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये स्थान आहे, परंतु तिची अक्षरे ज्या वरच्या प्रदेशात ठेवली आहेत त्यांतील प्रत्येक चिन्ह व्हीबीए दोन म्हणून मोजते. लांबी मोजणारे फंक्शन त्यामुळे दुप्पट आकडा सांगते, आणि अक्षरे मोजून कापणारा मॅक्रो एखादे अक्षर मधोमध कापू शकतो. म्हणून आधी देवनागरीत लिप्यंतर, मग तोडफोड, हाच मार्ग. आणि लिप्यंतर करणाऱ्याने ‘मजकूर’ हा शब्द आहे तसाच ठेवावा. त्याच्या जागी गावाचे नाव भरायचे ते शेजारच्या नव्या रकान्यात. मूळ लेखकाने काय लिहिले आणि आपण काय भरले हे उद्याच्या वाचकाला वेगळे दिसले पाहिजे.

निराधारांच्या त्या यादीला आम्ही दोन रकाने जोडले होते: एक पूर्ण गावाच्या नावाचा, दुसरा मूळ अनुक्रमांकाचा. दुसरा रकाना कशासाठी, असे त्या टंकलेखकाने विचारले. यादी कशीही फिरविली तरी ती पुन्हा पहिल्या क्रमाने लावता यावी म्हणून, असे मी सांगितले. त्याने तो रकाना फिक्या राखाडी रंगात केला आणि वर शीर्षक दिले, ‘हात लावू नये’.