पाचव्याची 12 षटकं

शनिवार, 23 जून 1979. तुम्ही लॉर्ड्सवर आहात, सीमारेषेच्या दोरीला लागून, थेट गवतावर. टीव्हीवर कधी जाणवलं नव्हतं ते इथं बसल्यावर कळतं: हे मैदान सपाट नाही. एका बाजूकडून दुसरीकडे ते चांगलं 8 फूट उतरतं. खेळाडूंचे कपडे पांढरे, चेंडू लाल. डाव 60 षटकांचा, एका गोलंदाजाला जास्तीत जास्त 12. पॉवरप्ले नाही, वर्तुळ नाही. कर्णधाराला वाटेल तिथे माणसं उभी करावीत. विश्वचषकाची अंतिम लढत आहे, इंग्लंड विरुद्ध वेस्ट इंडिज, आणि निकाल ठाऊक असलेले या गर्दीत तुम्ही एकटेच.

इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रिअर्ली. तत्त्वज्ञान शिकवलेला, माणसं ओळखणारा, मिडलसेक्सचा म्हणून लॉर्ड्स त्याचं घरच. नाणेफेक जिंकून तो क्षेत्ररक्षण घेतो. तुम्ही मात्र संघाची यादी बघून बोटांवर हिशोब मांडता. बॉब विलिसचा गुडघा उपांत्य सामन्यात दुखावलाय, त्याच्याऐवजी डावखुरा फिरकीपटू फिल एडमंड्स आलाय. बोथम, हेंड्रिक, ओल्ड, एडमंड्स. चार जणांची मिळून 48 षटकं. उरलेली 12?

ती बॉयकॉट आणि गूच वाटून घेणार. पाचवा खरा गोलंदाज घ्यायचा तर एक फलंदाज कमी करावा लागला असता, आणि ब्रिअर्लीला वेन लार्किन्ससकट भरपूर फलंदाजी हवी आहे. आज हे वेडेपणाचं वाटतं, पण तसं ते नव्हतं. टोपी डोक्यावर तशीच ठेवून संथ मध्यमगती मारा करणाऱ्या बॉयकॉटनं याच स्पर्धेत ऑस्ट्रेलिया आणि पाकिस्तानविरुद्ध बळी घेतले होते. उपांत्य सामन्यातही हीच जुळणी चालून गेली होती. चालून गेलेली युक्ती बदलायला कुठल्याही कर्णधाराचा हात धजत नाही.

आणि सकाळभर ती खरोखर चालते. रँडलच्या क्षेत्ररक्षणापुढे ग्रिनीज धावबाद होतो. हेन्स जातो, कालीचरण जातो, ओल्ड स्वतःच्याच चेंडूवर कर्णधार क्लाइव्ह लॉइडचा झेल घेतो. 4 बाद 99. तुमच्या शेजारचा इंग्रज म्हातारा हात चोळू लागतो. तुम्ही गप्प बसता.

कारण आता कॉलिस किंग येतोय. दुसऱ्या टोकाला व्हिव्ह रिचर्ड्स आहे, पण पुढचा तासभर रिचर्ड्सच त्याचा जोडीदार वाटावा असा किंग खेळतो. बॉयकॉट चेंडू हातात घेतो आणि तो कुठे जाणार हे किंगला त्याच्याआधी कळल्यासारखं दिसतं. गूचला बोलावलं जातं, तोही धुतला जातो. मग लार्किन्स! निवड फलंदाज म्हणून, हातात चेंडू, 2 षटकांत 21 धावा. तिघांच्या मिळून 12 षटकांत 86. ब्रिअर्ली माणसं मागे सरकवत राहतो, पण चेंडू त्यांच्या डोक्यावरून गर्दीत पडत असताना क्षेत्ररचनेला काय अर्थ? किंग 66 चेंडूंत 86 करून एडमंड्सला बाद होतो तेव्हा भागीदारी 139 वर पोचलेली असते. त्यानंतर आलेल्या पाच जणांच्या धावा पाहा: 5, 0, 0, 0, नाबाद 0. शेपूट इतकं दुबळं होतं! खरे गोलंदाज त्यांचं काम करतच होते. डावाच्या शेवटच्या चेंडूला रिचर्ड्स ऑफस्टंपच्याही बाहेर चालत जातो आणि हेंड्रिकला लेगला षटकार मारतो. नाबाद 138. वेस्ट इंडिज 9 बाद 286.

इथपर्यंतची चूक माफ करण्याजोगी आहे. माफ करायला जड जातं ते पुढचं.

ब्रिअर्ली आणि बॉयकॉट सलामीला उतरतात. रॉबर्ट्स, होल्डिंग, क्रॉफ्ट, गार्नर या चौघांपुढे टिकणं हेच कर्तृत्व, हे मान्य. पण बॉयकॉटला दोन आकडी धावसंख्या गाठायला 17 षटकं लागतात. तुमच्या डोक्यात 2022 मध्ये नेदरलँड्सविरुद्ध 498 धावा करणारं इंग्लंड आहे, त्यामुळे तुमचा जीव खालीवर होतो. (फार हसू मात्र नका. चारच वर्षांपूर्वी, 7 जून 1975 ला, याच मैदानावर इंग्लंडच्या 334 धावांचा पाठलाग करताना आपल्या सुनील गावसकरनं 174 चेंडूंत नाबाद 36 केल्या होत्या. मुंबईकरानं बॉयकॉटला नावं ठेवण्याआधी जरा इकडंतिकडं बघून घ्यावं.)

चहापानाला 25 षटकांत बिनबाद 79. धावफलक देखणा दिसतो. आणि आता नीट पाहा, चेंडू कुणाच्या हातात आहे? रिचर्ड्सच्या. लॉइडकडेही पाचवा गोलंदाज नाही! तेच भोक, त्याच जागी. रिचर्ड्स साधा ऑफस्पिन टाकतोय, सोबत किंगची 3 षटकं. दोघांच्या मिळून 13 षटकांत इंग्लंडनं काढल्या फक्त 48. किंगनं पाचव्या गोलंदाजाला बघून बाह्या सरसावल्या होत्या. इंग्लंडच्या सलामीवीरांनी त्याला विश्रांतीची वेळ मानलं. मला विचाराल तर सामना इथेच हरला गेला, गार्नर नंतर आला.

आणखी एक विसंगती तुम्हाला टोचत राहील. जास्तीचा फलंदाज कशासाठी घेतात? पहिल्यांना धोका पत्करता यावा म्हणून. त्याच्यासाठी 12 षटकांची किंमत सकाळीच मोजून झाली होती, आणि दुपारी फलंदाजी अशी चालली की जणू पॅव्हेलियनमध्ये पुढे कुणी बसलेलंच नाही. लॉइडच्या हातून बॉयकॉटचा झेल सुटतो तेव्हा तो मुद्दाम सोडला अशी कुजबुज उठते. त्यावर विश्वास ठेवू नका, पण ती उठावी इतपत धावगती होती खरी.

129 धावांची सलामी, 38 षटकांत. ब्रिअर्ली 64, बॉयकॉट 57, दोघेही होल्डिंगचे बळी. उरल्या 22 षटकांत 158. गूच 32 करतो, आणि 2 बाद 183 असताना 6 फूट 8 इंच उंचीचा जोएल गार्नर पायात चेंडू टाकू लागतो. 11 चेंडू, 4 धावा, 5 बळी. गॉवर शून्य. लार्किन्स, ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला, तोही शून्य. बोथमच्या 4. शेवटचे 8 गडी 11 धावांत. सर्वबाद 194 आणि 9 षटकं शिल्लक. जपून ठेवलेल्या विकेट्स गेल्या, तरी षटकं उरली.

थांबा, लगेच परतू नका. त्याच वर्षीच्या 28 नोव्हेंबरला सिडनीला जाऊ. पुन्हा वेस्ट इंडिज, पुन्हा ब्रिअर्ली. शेवटच्या चेंडूवर वेस्ट इंडिजला 3 धावा हव्यात, गोलंदाज बोथम, समोर क्रॉफ्ट. ब्रिअर्ली हात हलवत सगळ्यांना मागे धाडतो, पार सीमारेषेपर्यंत. यष्टिरक्षक डेव्हिड बेअरस्टोसुद्धा हातमोजे घालून तिकडेच चालू लागतो. पुढे इंग्लंडकडून खेळलेल्या जॉनीचे हे वडील. यष्ट्यांमागे चिटपाखरू नाही! आसपासचे ऑस्ट्रेलियन खवळतात, तुम्हाला हसू येतं. नियमात मात्र हे चोख बसतं. इंग्लंड 2 धावांनी जिंकतं, आणि पुढच्या मोसमात ऑस्ट्रेलियात मैदानावर वर्तुळ आखलं जातं.