पंचमाचा रंग कोणता?

गेल्या दिवाळीत मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी सारी मंडळी फराळाला जमली होती. धाकटी नात चकली मोडता मोडता म्हणाली, "आजोबा, सात हा आकडा हिरवा असतो ना?" भावंडे खो-खो हसली. पोर कानकोंडी झाली.

मी मात्र चमकलो. लहानपणापासून मलाही सूर रंगीत दिसतात. शाळेत एकदा तसे बोललो, तेव्हा गुरुजींनी थापाड्या ठरवून अंगठे धरायला लावले. तेव्हापासून तोंड मिटले ते मिटलेच. देवल क्लबात पंचम लागला की डोळ्यांपुढे निळाई पसरे. पण शेजारच्याला कधी सांगितले नाही.

पुढे वाचनात शार्ङ्गदेव भेटला. ज्या सिंघण यादवाने पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाला हरवून कोल्हापूर आपल्या राज्याला जोडले, त्याच्याच पदरचा हा पंडित. तेराव्या शतकातल्या त्याच्या 'संगीतरत्नाकरा'त सातही स्वरांना रंग आहेत. षड्ज कमळासारखा, गांधार सोनेरी, मध्यम कुंदफुलासारखा शुभ्र. वाटले, सापडला सोबती! पण त्याचा पंचम काळा, माझा निळा. मग खोटा कोण?

कोणीच नाही. शार्ङ्गदेवाचे रंग हा शास्त्राचा संकेत. स्वरांना देवता नेमल्या, तसेच रंगही नेमले. ते गुरूकडून शिकायचे. माझे रंग न शिकवता आलेले. या दुसऱ्या प्रकाराला 'सिनेस्थेशिया' म्हणतात. इंग्रज संशोधक गाल्टनने १८८० मध्ये आकडे रंगीत दिसणाऱ्या माणसांविषयी लिहिले. एकाचे रंग दुसऱ्याशी जुळत नव्हते. मात्र ही गोष्ट घराण्यात उतरते, असे त्याला आढळले.

आपल्या भाषेला याचे नवल कधीच वाटले नाही. 'राग' या शब्दाचा धातूच मुळी रंगवण्याचा. मैफल रंगते, आवाज गोड लागतो. मिरचीचा ठसका आमच्या लावणीत शिरतो आणि रस्सा तर झणझणीतच हवा! सर्वांनी मिळून केलेली ही सरमिसळ आपण कौतुकाने मिरवतो. एकट्या पोराने केली की हसतो.

रात्री पणत्या विझू लागल्या, तेव्हा नातीला जवळ घेऊन मी माझे जुने गुपित सांगितले, "माझा पंचम निळा आहे गं."

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. "काहीतरीच काय आजोबा! सुराला कधी रंग असतो का?" असे म्हणून भावंडांपेक्षाही मोठ्याने हसली.