अपस्माराचे औषध : रसायनापासून गोळीपर्यंत

पाताळगंगेच्या काठावरील आपटा गावाच्या शेजारी, 1960 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना उभा राहिला आणि ‘रसायनी’ हे तेथील ठिकाणाचे नाव कारखानदारीशी जोडले गेले. परंतु वैद्यकातील ‘रसायन’ हा शब्द त्याहून फार जुना असून, शरीराचे बळ टिकवण्यासाठी दीर्घकाळ करावयाची औषधयोजना असा त्याचा अर्थ आहे. चरकसंहितेने अपस्मार, म्हणजे बोलीतील फेफरे किंवा आकडी, हा चिवट व दीर्घकाळ टिकणारा रोग मानून त्यावर रसायनाचीच योजना सांगितली आहे, आणि रोग्याला पाणी, आग, झाडे व डोंगर यांपासून सदैव जपावे, असेही बजावले आहे; नदीकाठच्या गावाला हा इशारा आजही लागू पडतो.

पनवेलमध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी 1872 मध्ये श्री धूतपापेश्वर या औषधनिर्मिती संस्थेची स्थापना केली आणि वैद्याच्या खलात सिद्ध होणाऱ्या शास्त्रोक्त औषधांना कारखान्याचे रूप आले. पुढे 1912 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फिनोबार्बिटोनचा, तर 1938 मध्ये अमेरिकेत मेरिट व पुटनम यांनी फेनिटॉइनचा झटके रोखण्यातील उपयोग दाखवून दिला. ही औषधे मेंदूतील पेशींची एकाएकी उसळणारी विद्युत्-क्रिया आवरतात. मात्र फेनिटॉइनची मात्रा एका मर्यादेनंतर थोडी वाढवली, तरी त्याचे रक्तातील प्रमाण अनपेक्षितपणे चढते, तोल जातो व बुबुळे थरथरतात. उलट औषध अचानक बंद केल्यास न थांबणारा, जिवावर बेतणारा झटका येऊ शकतो.

या दोन परंपरा एकाच रोग्याच्या पोटात एकत्र आल्या, तर काय होते, याचे उत्तर मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रोग्यांनी सोबत शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदिक औषध सुरू केल्यावर त्यांचे झटके आटोक्यात राहिले नाहीत. पुढे उंदरांवरील प्रयोगांत, दोन्ही औषधे वारंवार एकत्र दिली असता, फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण व त्याचा गुण दोन्ही घटल्याचे दिसून आले.

म्हणून गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी, ती स्वतःच्या मनाने बंद करू नये, गर्भधारणेचा विचार असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे, आणि वैद्याकडचा काढा डॉक्टरांपासून व डॉक्टरांची गोळी वैद्यापासून कधीही लपवू नये.