इन्सुलिनची कुपी आणि अम्मीचा प्रश्न

डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करायला सांगितले, तेव्हा अम्मीला सुईची भीती वाटली नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता, "बेटा, त्यात डुकराचे काही असते म्हणे?" शेजारच्या खालाने तिला तसे सांगितले होते. पायाची जखम भरत नव्हती आणि कुपी आठवडाभर फ्रिजमध्ये तशीच पडून होती. तिला उत्तर देण्यासाठी मी हा इतिहास वाचायला घेतला.

मधुमेह जुनाच. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे, इब्न सीनाने ‘अल्-कानून’मध्ये त्याची लक्षणे नोंदवली. पण कारण कुणाला सापडले नव्हते. १८८९ मध्ये मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी ‘हार्मोन’ हा शब्द रूढ केला. एका अवयवाने रक्तात सोडलेला आणि दुसरीकडे काम करणारा रासायनिक निरोप्या, असा त्याचा अर्थ.

स्वादुपिंडातला हा निरोप्या १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांच्या हाती लागला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या, हाडांचा सापळा झालेल्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. अर्क अशुद्ध होता, उपयोग झाला नाही. कॉलिप यांनी तो शुद्ध केला. २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शने सुरू झाली आणि साखर उतरली. तो मुलगा आणखी १३ वर्षे जगला. शोधकर्त्यांनी पेटंटचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले.

खालाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पुढची साठ वर्षे इन्सुलिन गाई आणि डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढले जाई. डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लाने वेगळे असते. जीव वाचवायला दुसरा इलाज नसेल, तर निषिद्ध वस्तूलाही मुभा आहे, हे तत्त्व कुरआनातच आहे. त्या काळातल्या अनेकांना त्याचाच आधार होता.

१९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनचे जनुक जिवाणूत घालून तेच इन्सुलिन प्रयोगशाळेत तयार केले. १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आज बहुतेक इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टपासूनच बनते. अम्मीच्या कुपीवरही तसेच छापलेले होते. मी तिला ते वाचून दाखवले.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि रमजानमध्ये?" मी म्हणालो, आजारी माणसाला सवलत आहेच, पण रोजा धरायचा की नाही, डोस कधी घ्यायचा, हे रमजानच्या आधी डॉक्टरांना विचारू. मनाने डोस बंद करायचा नाही.

त्या संध्याकाळी तिने बिस्मिल्ला म्हणून पहिली सुई टोचून घेतली. आपल्या मोहल्ल्यात अजूनही कुणाच्या फ्रिजमध्ये अशी कुपी शंकेपायी पडून असेल. हे त्यांच्यासाठी लिहिले.