वार लावून जेवणारा विद्यार्थी

विद्येसाठीं घर सोडून परक्या कुटुंबांत राहण्याची चाल आज नव्या रूपानें आपल्या दृष्टीस पडत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ सालीं, अमेरिकन फील्ड सर्व्हिस या संस्थेनें निरनिराळ्या देशांतील शाळकरी मुलांना परदेशांतील घरीं ठेवून शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. रोटरी संस्थेचाहि असा उपक्रम आहे. त्यांत वर्षभरासाठीं आलेल्या विद्यार्थ्यास एकाच घरीं न ठेवतां पाळीपाळीनें एकाहून अधिक घरीं ठेवण्याचा प्रघात आहे. हें वाचतांना सातारा-सांगलीकडील जुन्या माणसास ‘वार’ या शब्दाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. एका मुलाचें पोट सात घरांनीं वाटून घेण्याची ही रीत कशी चाले, तिनें कोणास शिकविलें, कोणास दाराबाहेर ठेविलें, आणि तिचा भार वस्तुतः कोणाच्या खांद्यावर होता, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. ‘गुरुकुल’ या शब्दांतील ‘कुल’ म्हणजे घर. आणि शिष्यास ‘अंतेवासी’ म्हणतात तो जवळ राहणारा म्हणून. अर्थात् राहणें हें शिकण्याचेंच अंग मानलें होतें. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्रह्मचाऱ्यानें भिक्षेवर निर्वाह करावा असें सांगून, नित्य एकाच घरचें अन्न खाऊं नये असा निर्बंध घातला आहे. दुसरीं घरें मिळत असतां गुरूच्या कुळांत व आप्तांच्या घरीं भिक्षा मागूं नये, असेंहि तेथेंच म्हटलें आहे. या नियमांचे दोन लाभ उघड आहेत. एका घरावर सारा बोजा पडत नाहीं, आणि विद्यार्थी कोणा एकाचा मिंधा होत नाहीं. वारांची पद्धति हें याच नियमाचें गृहस्थी रूप होय.

गरीब विद्यार्थ्याच्या निर्वाहाच्या तीन रीती आपल्याकडे होत्या. माधुकरींत झोळी घेऊन रोज घरोघर जावयाचें आणि जें शिजलेलें अन्न पडेल तें एकत्र करून खावयाचें. वारांत ठराविक दिवशीं ठराविक घरीं पाटावर बसून जेवावयाचें. सोमवार एका घरीं तर मंगळवार दुसऱ्या घरीं. तिसऱ्या रीतींत एकाच घरीं राहून, तेथील पडेल तें काम करून, मोबदल्यांत अन्नवस्त्र घ्यावयाचें. मान पाहतां वारकऱ्या मुलाचें स्थान मधलें होतें. तो भिक्षेकरी नव्हता, गडीहि नव्हता. परंतु घरचाहि नव्हता.

त्याचा दिवस पहाटे नदीवर सुरू होई. स्नानसंध्या आटोपून संथा म्हणावयाची, आणि जेवणाच्या वेळेपूर्वीं त्या दिवसाच्या यजमानाकडे हजर राहावयाचें. तेथें पूजेचीं फुलें आणणें, गंध उगाळणें, पाणी भरणें, धाकट्या मुलांकडून पाढे म्हणवून घेणें, अशीं कामें कोणी न सांगतां करावयाचीं असत. निजणें देवळाच्या सभामंडपांत किंवा कोणाच्या ओटीवर. घरांत सोयर-सुतक आलें, यजमान परगांवीं गेले, किंवा सातवें घरच मिळालें नाहीं, म्हणजे तो वार रिकामा. त्या दिवशीं माधुकरी किंवा उपास. उलट पितृपंधरवडा आला कीं बटूंना बोलावणीं येत, वर दक्षिणाहि मिळे. सात घरांचीं सात वळणें त्याला अंगवळणीं पाडावीं लागत. कोठें तूप मागितलेलें चाले, कोठें मागणें हा उद्धटपणा ठरे. व्याकरण पंतोजी शिकवीत. माणसांची पारख हीं घरें शिकवीत.

या आश्रयाला दुसरी बाजूहि होती. साताऱ्याजवळील माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे लहानपणीं साताऱ्यांतील एका सावकाराकडे शागीर्द होते, आणि धन्याच्या पायांवर पाणी घालतांना त्याच्या अंगावरील मोत्यांकडे पाहत राहिल्याबद्दल बोलणें ऐकावें लागल्यानें ते काशीस विद्येसाठीं निघाले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा तपशील इतिहास म्हणून घेतां येणार नाहीं. तथापि १७५९ मध्यें पेशव्यांचे न्यायाधीश झालेल्या या पुरुषाविषयीं लोकांनीं हीच गोष्ट जपून ठेवावी, यावरून आश्रिताच्या मनांतील सल लोकांस ठाऊक होता, एवढें निश्चित दिसतें.

गायनविद्येंतहि हाच अनुभव येतो. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांचे डोळे लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें अधू झाले. पुढें मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं ते गाणें शिकले. मिरजकर अधिपतींचा त्यांना आश्रय होता. एका समारंभास त्यांना बोलावणें आलें, परंतु गुरूंना आलें नाहीं, हें मनाला लागून त्यांनीं १८९६ मध्यें मिरज सोडली, असें चरित्रकार सांगतात. १९०१ मध्यें लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि जवळ राहणाऱ्या शिष्यांच्या अन्नवस्त्राचा भार स्वतः उचलला. आश्रित होता तो यजमान झाला. पण हा भार हलका नव्हता. शेवटीं मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायीं गेली. सात घरांचें ओझें एका माणसानें उचलूं म्हटल्यास काय होतें, तें येथें दिसतें.

वाईस मात्र एक निराळा प्रयोग झाला. तेथें नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील केवलानंद सरस्वती, यांनीं प्राज्ञपाठशाळा चालविली. धुळें भागांतील पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी बालवयांत या पाठशाळेंत आले आणि जन्माचे वाईकर झाले. १९१७ मध्यें विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमांतून रजा घेऊन येथेंच उपनिषदें व ब्रह्मसूत्रें शिकण्यास आले. त्यांनीं विद्यार्थ्यांचें मंडळ काढलें आणि वाचनालयाच्या खर्चासाठीं मुलांबरोबर लोकांचें दळण दळून पैसे मिळविले. जातें हें ज्या घरांत केवळ बायकांचें काम समजलें जाई, तेथें वेदान्ताच्या विद्यार्थ्यांनीं खुंट्याला हात घालावा, ही लहान गोष्ट नव्हे.

आतां या पद्धतीचा मुख्य दोष सांगितला पाहिजे. वार लागत तो जातीच्या आंत. पंक्तीस बसतां येईल अशाच मुलासाठीं पान मांडलें जाई. कुणब्याच्या, महाराच्या किंवा मांगाच्या मुलाला तालुक्याच्या गांवीं सात घरें कोठून मिळणार? मुलींचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे गुणानें नव्हे, जन्मानें दार उघडे. या अडचणीवर पहिला मोठा तोडगा कोल्हापुरास राजर्षि शाहू महाराजांनीं काढला. १९०१ पासून तेथें निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें निघालीं. त्यांपैकीं जैन वसतिगृहांत भाऊराव पाटील राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर स्नान करण्याचें त्यांनीं नाकारलें, म्हणून त्यांना तेथून जावें लागलें, असें त्यांच्या चरित्रांत आहे.

यानंतर भाऊरावांनीं केलेलें कार्य या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. १९१९ मध्यें कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन झाली; १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह निघालें, आणि १९२७ मध्यें गांधीजींच्या हस्तें त्यास श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस हें नांव मिळालें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका चुलीवरचें जेवीत आणि अंगमेहनत करून शिकत. वाराच्या पद्धतींत एक मूल सात चुलींकडे जाई. येथें साऱ्या जातींचीं मुलें एका चुलीपाशीं आलीं. दळण, स्वयंपाक, शेत हीं त्यांचींच कामें असल्यामुळें कोणी कोणाचा मिंधा राहिला नाहीं. एकाच घरचें अन्न खाऊं नये, या जुन्या निर्बंधांतील मर्म जर मिंधेपणा टाळणें हें असेल, तर तें एकाच घरचें अन्न खाऊनहि या ठिकाणीं साधलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु या चुलीमागेंहि एक स्त्री होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं मुलांच्या जेवणासाठीं अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रहि, मोडलें. त्यांचें नांव तरी राहिलें. वार घालणाऱ्या शेंकडों घरांत पान मांडणारी, स्वतः मागाहून उरलेलें खाणारी, आणि परक्या मुलाला भूक किती आहे हें न विचारतां ओळखणारी जी गृहिणी, तिचें नांव कोठेंहि नाहीं. दान यजमानाच्या नांवावर जमा झालें, विद्या गुरूच्या. श्रम मात्र कोणाच्याच खातीं नाहींत.

आमची सूचना एवढीच आहे. सनदा, निवाडे व पत्रें गोळा करतांना वाई, सातारा, कऱ्हाड, मिरज, सांगली येथील जुन्या घरांतील खर्चाच्या वह्या संशोधकांनीं रद्दी म्हणून सोडूं नयेत. कोणत्या वारीं कोणाचें पान जास्त मांडलें जाई, याची नोंद एखाद्या वहींत सांपडली, तर एखाद्या सनदेइतकीच ती मोलाची मानावी. वार जेवून वाढलेल्यांचीं मुलें-नातवंडें अजून या गांवांत आहेत. त्यांनीं घरांत ऐकलेल्या गोष्टी लिहून घेण्यास फार काळ उरलेला नाहीं. लिहून घेतांना मात्र, कोणत्या शास्त्र्यांपाशीं शिकलांत, एवढेंच न विचारतां, वाढीत कोण होतें, हेंहि विचारावें.